सिलिकॉनच्या दृष्टीपलीकडचे पाणी : लघुतरंग अवरक्त प्रकाशाचे अर्धवाहक संवेदक

महाराष्ट्र शासनाच्या महसूल व वन विभागाने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी काढलेल्या शासन निर्णयाने राज्यातील १५ जिल्ह्यांमधील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांपैकी २४ तालुक्यांत तो गंभीर आणि १६ तालुक्यांत मध्यम स्वरूपाचा होता. मध्यम स्वरूपाच्या यादीत पुणे जिल्ह्यातील इंदापूरच्या जोडीने शिरूर (घोडनदी) आणि दौंड ही दोन नावे होती. (शिरूरपुढचा कंस निरर्थक नाही; बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे, आणि दुष्काळाच्या यादीत गावाची गफलत परवडणारी नसते.) या घोषणेमुळे जमीन महसुलात सूट मिळते, पीककर्जाचे पुनर्गठन होते, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सवलत मिळते आणि विद्यार्थ्यांचे परीक्षाशुल्क माफ होते. मुलाला निवासी शाळेत ठेवून स्वतः कोरडवाहू रानाकडे पाहत बसणाऱ्या पालकाला या यादीतील नावाचे मोल आम्ही वेगळे सांगण्याची गरज नाही.

तालुक्याचे नाव अशा यादीत कशाच्या आधारे येते? २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने त्यासाठी निकष घालून दिले आहेत. पावसाची तूट, भूजलाची पातळी, पेरणीखालील क्षेत्र, जमिनीतील ओलावा हे निकष ऐकताच समजतात. विहीर कोणी पाहिलेली नाही? परंतु त्यांच्याच रांगेत उपग्रहाने दुरून मोजलेले वनस्पतींचे निर्देशांक बसलेले आहेत, आणि ते मात्र आपण बहुधा विश्वासावर स्वीकारतो. त्यांपैकी एक निर्देशांक पिकाच्या अंगातील पाण्याचा आहे. शेकडो किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या यंत्राला बाजरीच्या पानातील पाणी कसे कळते, आणि जो अर्धवाहक पदार्थ ते पाहतो तो आपल्या खिशातील मोबाइलच्या कॅमेऱ्यात का नसतो, हे उलगडून सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपल्या डोळ्यांना दिसणारा प्रकाश सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर तरंगलांबीचा असतो. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तांबड्या रंगाच्या पलीकडे प्रकाश संपत नाही, हे विल्यम हर्शेल यांनी १८०० साली इंग्लंडमध्ये लोलक आणि तापमापक घेऊन दाखवून दिले. वर्णपटात तांबड्याच्या बाहेर, जेथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तेथे ठेवलेल्या तापमापकाचा पारा चढला. या अदृश्य प्रकाशाला आपण अवरक्त म्हणतो. अवरक्त म्हणताच बहुतेकांना उष्णतेचे चित्र आठवते, म्हणजे अंधारात माणसाचे अंग उजळ दिसणारे चित्र. आमचा विषय तो नव्हे. माणसाचे अंग, तापलेली भिंत किंवा जमीन यांतून बाहेर पडणारे अवरक्त किरण मुख्यतः १० मायक्रोमीटरच्या आसपासचे असतात. लघुतरंग अवरक्त म्हणजे साधारण १ ते २.५ मायक्रोमीटरचा प्रकाश. तो सूर्याकडूनच येतो, वस्तूवर आपटून परततो, सावली पाडतो आणि एरवीच्या प्रकाशासारखाच वागतो. फक्त आपल्याला दिसत नाही.

पाण्याशी त्याचे नाते खास आहे. दृश्य प्रकाशाला पाणी जवळजवळ पारदर्शक आहे, म्हणून तर ग्लासातील पाण्याच्या पलीकडचे अक्षर वाचता येते. तरंगलांबी वाढत जाते तसे पाणी प्रकाश गिळू लागते. ०.९७ आणि १.२ मायक्रोमीटरला हे शोषण हलके असते; १.४५ आणि १.९४ मायक्रोमीटरला ते इतके तीव्र होते की काही मिलिमीटर जाडीचा थरही त्या प्रकाशाला काळ्या शाईसारखा भासावा. पाण्याचा रेणू ज्या लयींत थरथरू शकतो त्यांच्याशी या तरंगांचा मेळ बसतो, हे त्यामागचे कारण.

हिरव्या पानावर याचा परिणाम पाहा. ०.४ ते ०.७ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात पानाचा कारभार हरितद्रव्याच्या हाती असतो. ते तांबडा आणि निळा प्रकाश शोषते. ०.७ ते १.३ पर्यंत पानातील पेशींची रचना प्रकाश जोराने परतवते, म्हणून त्या प्रकाशात शेत लख्ख पांढरे दिसते. १.३ च्या पुढे मात्र सत्ता पाण्याची. पान भरलेले असेल तर १.६ मायक्रोमीटरला ते गडद दिसते. पान सुकू लागले की तेच उजळत जाते. मातीचेही तसेच. पहिल्या पावसानंतर ढेकळे काळी पडतात हे आपण डोळ्यांनी पाहतो. लघुतरंग अवरक्तात तो फरक अधिक ठळक होतो.

शेतकरी ज्याला पिकाने मान टाकली असे म्हणतो त्याच्याही आधी पानातील पाणी घटलेले असते, पण हिरवेपण टिकून असते. येथेच दोन निर्देशांकांचा फरक कळतो. एक हिरवेपणाचा : जवळच्या अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनातून तांबड्याचे परावर्तन वजा करायचे आणि त्याला दोहोंच्या बेरजेने भागायचे. दुसरा पाण्याचा : कृती तीच, फक्त तांबड्याच्या जागी लघुतरंग अवरक्त घ्यायचा. समजण्यापुरते काही आकडे कल्पू. भरल्या पिकाचे परावर्तन तांबड्यात ०.०६, जवळच्या अवरक्तात ०.४५ आणि १.६ मायक्रोमीटरला ०.२० आहे. पाण्याचा ताण पडल्यावर तेच अनुक्रमे ०.०८, ०.४० आणि ०.३२ झाले. हिरवेपणाचा निर्देशांक ०.७६ वरून ०.६७ वर आला. पाण्याचा मात्र ०.३८ वरून ०.११ वर कोसळला. पहिला सांगतो की पीक अजून बरे आहे, दुसरा सांगतो की पीक तहानलेले आहे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत करून पाहावे. भागाकाराखेरीज त्यात काही अवघड नाही.

अडचण गणितात नसून डोळ्यात आहे. जगातील जवळजवळ सर्व कॅमेरे सिलिकॉनचे असतात, आणि सिलिकॉन १.१ मायक्रोमीटरच्या पलीकडे आंधळे आहे. हा कारागिरीचा दोष नाही, तो पदार्थाचा स्वभाव आहे. अर्धवाहकातील इलेक्ट्रॉन अणूंशी बांधलेले असतात. त्यांना सुटून वाहते व्हायचे तर ठराविक ऊर्जेची पायरी चढावी लागते. सिलिकॉनमध्ये ही पायरी १.१२ इलेक्ट्रॉन-व्होल्टची आहे. प्रकाशाचा प्रत्येक कण आपल्या तरंगलांबीप्रमाणे ऊर्जा आणतो : तरंगलांबी जितकी मोठी तितकी ऊर्जा थोडी. १.२४ या संख्येला मायक्रोमीटरमधील तरंगलांबीने भागले की कणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. १.६ मायक्रोमीटरच्या कणाजवळ ०.७८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतात. पायरीहून ठेंगणा असा हा कण सिलिकॉनमधून काचेतून जावे तसा आरपार निघून जातो. असे कण कितीही ओतले, प्रकाश कितीही प्रखर केला, तरी प्रत्येक कण एकटाच पायरीशी झगडतो आणि एकटाच हरतो.

दूरचित्रवाणीचा रिमोट मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले तर बऱ्याच मोबाइलमध्ये जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. रिमोटचा प्रकाश ०.९४ मायक्रोमीटरचा, म्हणजे सिलिकॉनच्या हद्दीतला. त्या हद्दीच्या पलीकडच्या प्रकाशाचा अनुभव कोणताही मोबाइल देऊ शकत नाही.

तेव्हा बुटक्या पायरीचा पदार्थ हवा. जर्मेनियमची पायरी ०.६६ इलेक्ट्रॉन-व्होल्टची असून आरंभीच्या काळात त्याचे संवेदक वापरले गेले. पण त्यात अंधारातही बराच प्रवाह वाहतो. आज या कामातील मुख्य पदार्थ इंडियम गॅलियम आर्सेनाइड हा आहे. गॅलियम आर्सेनाइडची पायरी १.४२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, इंडियम आर्सेनाइडची सुमारे ०.३५. दोन्ही एकत्र वाढवून प्रमाण बदलत गेले तर मधली हवी ती पायरी मिळावी. कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात असा स्फटिक अधांतरी वाढत नाही, तो दुसऱ्या स्फटिकाच्या चकतीवर थरांनी वाढवावा लागतो, आणि दोन्हींतील अणूंची अंतरे जुळावी लागतात. एका मापाच्या शहाबादी फरशीच्या रांगेला किंचित मोठ्या मापाच्या फरशीची रांग लावून पाहा : पहिले चार-पाच सांधे जुळल्यासारखे वाटतात, मग सरकतात, आणि शेवटी कुठेतरी फरशी तोडावी लागते. स्फटिकातील अशी प्रत्येक तूट म्हणजे इलेक्ट्रॉन अडकण्याची आणि खोटा प्रवाह झिरपण्याची जागा. इंडियम फॉस्फाइडच्या चकतीशी अचूक जुळणारे मिश्रण एकच : गॅलियम व इंडियमच्या जागांपैकी ५३ टक्के इंडियम आणि ४७ टक्के गॅलियम. त्याची पायरी ०.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास येते, म्हणजे दृष्टी १.७ मायक्रोमीटरपर्यंत जाते. निसर्गाची कृपा अशी, की पिकातील पाणी सांगणारा १.६ मायक्रोमीटरचा पट्टा नेमका या मर्यादेच्या आत बसतो. इंडियम वाढवून दृष्टी २.६ मायक्रोमीटरपर्यंत नेता येते, पण मग सांधे जुळत नाहीत आणि त्याची किंमत खोट्या प्रवाहाच्या रूपाने मोजावी लागते.

प्रत्यक्ष संवेदकात या पदार्थाचा पातळ, जवळजवळ शुद्ध थर दोन भिन्न गुणांच्या थरांमध्ये धरलेला असतो आणि त्यावर उलट दिशेने विद्युत्‌दाब लावलेला असतो. प्रकाशकण आत शिरून इलेक्ट्रॉन सुटा करतो. इलेक्ट्रॉन एका बाजूला ओढला जातो, त्याची रिकामी जागा दुसऱ्या बाजूला सरकते, आणि बाहेरच्या मंडलात इवलासा प्रवाह वाहतो. चित्र हवे असेल तर असे हजारो संवेदक ओळीत किंवा चौकटीत मांडावे लागतात, आणि प्रत्येकाचा प्रवाह वाचण्यासाठी खाली सिलिकॉनची चकती ठेवून दोहोंमध्ये इंडियम धातूचे सूक्ष्म ठिपके दाबून सांधावे लागतात. म्हणजे पाहणारा पदार्थ एक आणि मोजणारा दुसरा. साध्या कॅमेऱ्यात ही दोन्ही कामे एकच सिलिकॉन करते, म्हणून तो शेकड्यांत मिळतो. लघुतरंग अवरक्ताचा कॅमेरा लाखांत मोजावा लागतो, त्याचे निम्मे कारण या सांधेजोडीत आहे.

हा पदार्थ अंतराळातच असतो असे मात्र समजू नये. आपल्या ग्रामपंचायतीत किंवा घरी काचतंतूची इंटरनेट जोडणी आली असेल, तर भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डबीत, टाचणीच्या डोक्याहून लहान असा, इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा तुकडा बसलेला आहे. तंतूतून घराकडे येणारा प्रकाश १.४९ मायक्रोमीटरचा आणि घरातून परत जाणारा १.३१ मायक्रोमीटरचा असतो. दोन्ही सिलिकॉनला अदृश्य. अशा अडचणीच्या तरंगलांब्या निवडण्याचे कारण काच आहे. १.५५ मायक्रोमीटरच्या आसपास उत्तम काचतंतूत किलोमीटरमागे अवघा ०.२ डेसिबल प्रकाश हरवतो. पुणे ते दौंड हे लोहमार्गाने सुमारे ७५ किलोमीटरचे अंतर. तेवढ्या लांबीच्या अखंड तंतूतून या प्रकाशाचे शंभरातले तीन भाग पलीकडे पोहोचतात आणि संवेदकाला ते पुरतात. सिलिकॉनला दिसणारा ०.८५ मायक्रोमीटरचा प्रकाश वापरला तर वीस किलोमीटरांतच त्याचा सुमारे लाखावा हिस्सा उरेल. शिरूर-दौंडच्या वाड्यावस्त्यांवर आज जे चित्रपट, परीक्षेचे निकाल आणि कांद्याचे बाजारभाव येतात, ते या पदार्थाच्या दृष्टीतून गाळून येतात. (तुटलेल्या तंतूच्या टोकात डोळा घालून कधीही पाहू नये. प्रकाश दिसत नाही म्हणजे तो नाही असे नव्हे, आणि नेत्रपटलाला तो इजा करू शकतो. मुलांना हे आवर्जून सांगावे.)

पायरी बुटकी केल्याचा एक अटळ दंड आहे. प्रकाश नसतानाही पदार्थातील उष्णतेची थरथर काही इलेक्ट्रॉनांना पायरीवरून ढकलते आणि प्रवाह वाहतो. त्याला अंधार-प्रवाह म्हणतात. पर्जन्यमापकात पावसाखेरीज खालूनही पाणी पाझरत असेल तर रिमझिम पावसाचे माप काय घ्यावे? पायरी जितकी बुटकी तितके हे पाझरणे झपाट्याने वाढते, आणि उपाय एकच : थंड करणे. १.७ मायक्रोमीटरपर्यंत पाहणारा संवेदक नेहमीच्या तापमानालाही बऱ्यापैकी काम देतो. २.२ मायक्रोमीटरचा पट्टा हवा असेल तर पारा, कॅडमियम आणि टेल्यूरियम यांचे संयुग वापरतात. इंग्लंडमधील मॅल्व्हर्न येथील संशोधकांनी १९५९ मध्ये ते जगापुढे मांडले. पाऱ्याचे टेल्यूराइड आणि कॅडमियमचे टेल्यूराइड यांची अणू-अंतरे जवळजवळ सारखी असल्याने येथे फरशी कुठल्याही प्रमाणात जुळते. मात्र पारा स्फटिकात सैल बसतो आणि पदार्थ नाजूक राहतो. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांवर हेच संयुग आहे आणि तेथे ते उणे ७८ अंश सेल्सिअसच्याही खाली ठेवतात.

याहून कडक थंडीचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले आहे. जुन्नरजवळच्या गिरवली येथे पुण्याच्या आयुका संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने तयार केलेला टर्कॅम-२ हा अवरक्त कॅमेरा या दुर्बिणीला जोडून त्याची क्षमता तपासण्यात आली. त्यातील संवेदक इंडियम अँटिमोनाइडचा, ५१२ गुणिले ५१२ बिंदूंचा. त्याची पायरी इतकी बुटकी की तो ३५ केल्विनला, म्हणजे उणे २३८ अंश सेल्सिअसला ठेवावा लागतो. धुळीच्या ढगांत दडलेले तारे पाहणारा हा कॅमेरा आणि पानातील पाणी पाहणारा उपग्रह यांचे भौतिकशास्त्र एकच आहे. गिरवली शिरूरपासून फार दूर नाही, आणि शाळेच्या सहलीसाठी जागा सुचवायची झाली तर आम्ही ती अनेक देवस्थानांच्या आधी सुचवू.

आता पुन्हा शेताकडे येऊ, कारण संवेदकाचा खरा हिशेब गुंठ्यांत करावा लागतो. उपग्रहाच्या चित्रातील एक बिंदू म्हणजे जमिनीवरचा एक चौकोन, आणि त्या चौकोनातील सर्व पिकांची सरासरी. भारताच्या आय.आर.एस.-१सी या उपग्रहाने, जो २८ डिसेंबर १९९५ रोजी प्रक्षेपित झाला, प्रथमच लिस-३ कॅमेऱ्यात १.५५ ते १.७० मायक्रोमीटरचा पट्टा आणला. त्याच कॅमेऱ्याच्या दृश्य पट्ट्यांत चौकोनाची बाजू २३.५ मीटर होती, पण लघुतरंग अवरक्तात ती ७०.५ मीटर होती, म्हणजे जवळजवळ ४९ गुंठे, सव्वा एकर. आपल्याकडे अनेकांची सगळी जमीनच तेवढी असते. १७ ऑक्टोबर २००३ च्या रिसोर्ससॅट-१ पासून हा पट्टाही २३.५ मीटरवर आला : एक बिंदू साडेपाच गुंठ्यांचा. नऊपट बारीक झालेली ही नजर आमच्या मते भारतीय दूरसंवेदनाच्या इतिहासातील फारशी न गायिलेली घटना आहे. प्रक्षेपणाच्या टाळ्यांत संवेदकाचे नाव कोणी घेत नाही.

परंतु बारीक पाहणाऱ्या नजरेला एक मर्यादा पडते : ती एकाच जागी वरचेवर येत नाही. लिस-३ चा फेरा २४ दिवसांचा. म्हणून वारंवार पाहणीसाठी रुंद पट्टा टिपणारे कॅमेरे लागतात. ॲविफ्स हा भारतीय कॅमेरा पाच दिवसांनी परततो, त्याचा बिंदू ५६ मीटरचा, म्हणजे सुमारे ३१ गुंठ्यांचा. अमेरिकेचा मॉडिस जवळजवळ रोज पाहतो, पण त्याच्या लघुतरंग अवरक्तातील एक बिंदू ५०० मीटरचा, म्हणजे बासष्ट एकरांचा. शिरूर आणि दौंडसारख्या तालुक्यांना ही गोष्ट जिव्हारी लागणारी आहे. येथे घोड, चासकमान आणि मुठा उजव्या कालव्याच्या कडेने बारमाही ऊस उभा असतो, आणि एका ओढ्याच्या पलीकडे पावसावर अवलंबून असलेली बाजरी करपत असते. बासष्ट एकरांच्या सरासरीत कालव्यावरचा ऊस शेजारच्या बाजरीची तहान झाकून टाकतो. तालुक्याचा आकडा मध्यम येतो. जो करपला तो मध्यम करपलेला नसतो. संहितेत प्रत्यक्ष शेतावर जाऊन पडताळणी करण्याची तरतूद आहे ती याचसाठी, आणि ती पडताळणी मनापासून झाली पाहिजे, असा आग्रह धरणे हा शेतकऱ्याचा अज्ञानीपणा नसून उपकरणाची मर्यादा ओळखण्याचा शहाणपणा आहे.

ढगांची अडचण त्यातच मिसळते. लघुतरंग अवरक्त धूर आणि विरळ धुके यांतून दृश्य प्रकाशापेक्षा बरा पार होतो, पण पावसाळी ढगातून नाही. खरिपाच्या ऐन भरात, जेव्हा पावसाच्या खंडाचे मोजमाप सर्वांत निकडीचे असते, तेव्हाच आकाश वरचेवर झाकलेले असते. पाण्याच्या या शोषणाचा एक उपयोग मात्र मौजेचा आहे. १.३८ मायक्रोमीटरला हवेतील बाष्पच इतका प्रकाश गिळते की उपग्रहाला जमीन दिसतच नाही; दिसतात ते फक्त बाष्पाच्या वर तरंगणारे उंच, विरळ ढग. डोळ्यांना न जाणवणारा असा ढग कोणत्या बिंदूवर होता हे त्यावरून ओळखून तो बिंदू हिशेबातून वगळता येतो.

संवेदक निकामी झाला तर काय होते, याचाही दाखला आहे. २००२ मध्ये सोडलेल्या ॲक्वा उपग्रहावरील मॉडिसमध्ये १.६ मायक्रोमीटरच्या पट्ट्यासाठी २० संवेदक होते. त्यांपैकी बहुतेक नीट काम देईनासे झाले. उपग्रह पुढे वर्षानुवर्षे फिरत राहिला, इतर पट्टे उत्तम चालू राहिले, पण पाण्याच्या निर्देशांकासाठी अभ्यासकांना २.१ मायक्रोमीटरच्या पट्ट्याकडे वळावे लागले. शेकडो किलोमीटरवर जाऊन दुरुस्ती करणारा मेकॅनिक नसतो.

हे संवेदक बनवणारे जगात थोडे आहेत. गॅलियम बॉक्साइटपासून अल्युमिना काढताना आणि इंडियम जस्त काढताना हाती लागते. दोन्ही मुख्य उत्पादने नव्हेत, मागे उरणारी. चीनने ऑगस्ट २०२३ पासून गॅलियम व जर्मेनियमच्या निर्यातीवर नियंत्रण आणले, तेव्हा या धातूंची नावे वृत्तपत्रांत आली. आपल्याकडे दिल्लीची सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरी अवरक्त संवेदकांच्या पदार्थांवर दीर्घकाळ काम करीत आहे, आणि डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ७६,००० कोटी रुपयांच्या अर्धवाहक कार्यक्रमात संयुग-अर्धवाहक व संवेदक यांच्या कारखान्यांसाठी वेगळी योजना ठेवली. शिरूर तालुक्यातील रांजणगावला २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूह मंजूर झाला. तेथील काम मुख्यतः घरगुती उपकरणे व त्यांच्या भागांचे आहे, स्फटिक वाढवण्याचे नाही. या दोहोंतील अंतर मोठे आहे हे पालकांनी लक्षात ठेवावे. जुळणीच्या कारखान्यात आयटीआय किंवा पदविका झालेल्या मुलाला लवकर काम मिळते. स्फटिक वाढवायला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांची दहा-बारा वर्षांची साधना लागते, आणि ती परवडण्यासाठी घराला व समाजाला मागे उभे राहावे लागते. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे अभियंते झाले आहेत त्यांना हे पटेल.

या विषयातील एक धागा मात्र पूर्णपणे आपला आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या खनिजाच्या स्फटिकावर धातूचे टोक टेकवून विद्युत्‌चुंबकीय तरंग ओळखणारे उपकरण बनवले. त्याच्या अमेरिकी पेटंटसाठी १९०१ मध्ये अर्ज झाला आणि ते १९०४ मध्ये मिळाले. अर्धवाहक संवेदकाचे ते जगातील पहिले पेटंट मानले जाते. गॅलेना म्हणजे शिसे आणि गंधक यांचे संयुग, पायरी ०.४१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, दृष्टी सुमारे ३ मायक्रोमीटरपर्यंत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच संयुगाचे थर अवरक्त संवेदक म्हणून वापरात आले. आज त्याचेच काही नॅनोमीटर आकाराचे कण द्रावणात बनवून थेट सिलिकॉनवर पसरण्याचे तंत्र विकसित होत आहे. अशा कणांना पुंजबिंदू म्हणतात, आणि २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांच्याच शोधासाठी देण्यात आले. कण लहान-मोठा केला की पायरी उंच-बुटकी होते. महागडी चकती नको, सांधेजोडी नको. ते टिकाऊ झाले तर लघुतरंग अवरक्ताचा कॅमेरा फवारणीच्या ड्रोनवर बसण्याइतका स्वस्त होऊ शकेल आणि बासष्ट एकरांची सरासरी एका वाफ्यावर येईल.

तोपर्यंत हाताशी जे आहे तेही थोडे नाही. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो काम करता करता शिकण्यासाठी. त्याच रीतीने हा विषयही हाताळता येतो. सेंटिनेल-२ ची चित्रे विनामूल्य मिळतात. त्यांतील लघुतरंग अवरक्ताचा एक बिंदू २० मीटरचा, म्हणजे सुमारे चार गुंठ्यांचा असतो, आणि दोन उपग्रह मिळून साधारण पाच दिवसांनी तीच जागा दिसते. कोपर्निकसच्या संकेतस्थळावर पाण्याचा निर्देशांक तयार रंगांत दाखवण्याची सोय आहे. आठवी ते दहावीच्या वर्गाने आपल्या गावचा कालवा शोधावा, त्याच्या दोन्ही अंगांचे प्रत्येकी दहा चौकोन निवडावेत, आणि ऑक्टोबर २०२२ व ऑक्टोबर २०२३ मधील निरभ्र दिवसांचे आकडे शेजारी मांडावेत. सुट्टीत घरी गेलेल्या विद्यार्थ्याने त्या चौकोनात कोणते पीक होते, पेरणी कधी झाली आणि पाणी किती पाळ्या मिळाले, हे आई-वडिलांना विचारून पुढच्या रकान्यात लिहावे. एक काळजी घ्यावी : गाळप हंगाम सुरू झाला की तोडलेल्या उसाच्या रानात निर्देशांक एका आठवड्यात कोसळतो. उपग्रहाला ते रान दुष्काळी वाटते. तेथून ऊस ट्रॉलीत भरून पाटसच्या किंवा न्हावऱ्याच्या रस्त्याला लागला आहे, हे वहीतील रकानाच सांगू शकतो.